नवीन वर्षाची प्रार्थना: एक रात्र नको, एक सप्ताह हवा

31 डिसेंबरच्या रात्री साडेअकराला चर्चमध्ये पोहोचलात तर बसायला जागा मिळत नाही. मागच्या भिंतीला टेकून उभं राहावं लागतं. लहान मुलं बाकावरच झोपलेली असतात, त्यांच्या अंगावर आईची शाल असते. बारा वाजतात, घंटा वाजते, शेजारचा अनोळखी माणूसही हात हातात घेऊन शुभेच्छा देतो आणि कितीतरी जणांचे डोळे भरून येतात. आता त्यानंतरच्या पहिल्या बुधवारी त्याच चर्चमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनासभेला जाऊन बघा. दहा-बारा माणसं असतात आणि त्यातली निम्मी साठीच्या पुढची.

हा टोमणा नाही. त्या रात्री आलेलं रडू खरंच असतं. पण मधल्या चार-पाच दिवसांत ते जातं कुठे? यंदा त्या दिवसांचाच थोडा विचार करूया, कारण आध्यात्मिक नूतनीकरण ज्याला म्हणतात ते बहुतेक वेळा तिथेच अडतं.

आपल्या अनेक मंडळ्यांत वर्षाच्या पहिल्या उपासनेला वचनाचं कार्ड काढायची पद्धत आहे. थाळीत घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात. प्रत्येक घरासाठी एक उचलायची आणि वर्षभर फ्रिजवर नाहीतर देव्हाऱ्यासारख्या जपलेल्या त्या कोपऱ्यात लावायची. चांगलं वचन निघालं की घर खूश. एखादं ताकीद देणारं निघालं की आजी हळूच म्हणते, "अजून एक काढ गं." मला ही पद्धत आवडते. मात्र तिच्यासारखीच एक फार जुनी प्रथा जर्मनीत आहे आणि तिच्यात एक मोठा फरक आहे. हेर्नहुट नावाच्या गावातल्या मोरावियन ख्रिस्ती लोकांनी 1731 पासून वचनांचं एक छोटं पुस्तक छापायला सुरुवात केली. त्यातली जुन्या करारातली वचनं चिठ्ठ्या टाकूनच काढली जातात, आजही. पण ती वर्षाला एक नसतात, दिवसाला एक असतात. वर्षअखेरच्या रात्री जागून प्रार्थना करण्याची रीत, जिला आपण वॉच नाईट म्हणतो, ती याच लोकांनी 1733 च्या सुमारास सुरू केली असं मानलं जातं. म्हणजे रात्र जागवणाऱ्या माणसांनी पुढच्या प्रत्येक सकाळचीही सोय करून ठेवली होती. आपण रात्र घेतली, सकाळी मात्र तिथेच राहिल्या.

लुधियानाहून निघालेली हाक

जानेवारीचा पहिला पूर्ण आठवडा प्रार्थनेसाठी राखून ठेवण्याची प्रथा जगातल्या अनेक देशांत आहे. तिची सुरुवात भारतात झाली, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. 1858 साली पंजाबात लुधियानाच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने जगभरच्या मंडळ्यांना हाक दिली, की 1860 च्या जानेवारीत एक अख्खा आठवडा सगळ्यांनी मिळून प्रार्थना करावी.

ते साल लक्षात घ्या. 1857 चा उठाव नुकताच होऊन गेला होता. याच संस्थेची फतेहगडची चार मिशनरी जोडपी त्या जूनमध्ये कानपूरला मारली गेली होती. लुधियानातही मिशनच्या इमारतींना आगी लागल्या होत्या. दोन्ही बाजूंनी किती माणसं मेली याची मोजदाद नाही, आणि इंग्रज सैन्याने उगवलेला सूडही आपण इतिहासात वाचला आहे. अशा वेळी प्रार्थनेत काय मागावंसं वाटेल? संरक्षण. न्याय. खरं सांगायचं तर बदला. त्या हाकेत मात्र मागणं होतं ते पवित्र आत्मा सर्व मनुष्यमात्रांवर यावा, हे. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या पुष्कळ गोष्टींवर आज वाद घालता येतील आणि घालावेतही. पण स्वतःची जखम ओली असताना "सर्वांवर" हा शब्द वापरणं सोपं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. हाक 1858 ची, प्रार्थना 1860 ची. भारत आणि युरोप यांच्यात तार जोडली गेली ती 1865 मध्ये, त्यामुळे ही हाक गेली ती पत्रांतून, बोटीने. एका प्रार्थनेसाठी माणसं वर्षभराहून जास्त थांबली. आपण 12 वाजून 1 मिनिटाने 140 जणांना एकच फोटो फॉरवर्ड करतो!

पुढे लंडनच्या इव्हँजेलिकल अलायन्सने हा आठवडा उचलून धरला. प्रत्येक दिवसाला एक विषय ठरू लागला. लुधियानाच्या त्या मंडळ्या आणि आपल्या अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या आधी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या आणि 1970 मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या सीएनआयमध्ये गेल्या. तेव्हा सीएनआयच्या एखाद्या मराठी चर्चमध्ये जानेवारीत "प्रार्थना सप्ताह" अशी सूचना वाचली जाते, ती आपल्याच घरातून निघून, जग फिरून परत आलेली आहे. आणि सप्ताह हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. गावात हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, हे कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याने पाहिलेलं असतं.

केडगावचे सहा महिने

1858 हेच पंडिता रमाबाईंचं जन्मसाल. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जानेवारीत असाच एक प्रार्थनेचा गट सुरू झाला. दुष्काळातून आलेल्या, टाकून दिलेल्या, विधवा झालेल्या मुली आणि बायका तिथे राहत होत्या. रमाबाईंनी विचारलं, रोज प्रार्थनेला कोण येईल? आधी थोड्या आल्या. मग वाढत वाढत साडेपाचशे जणी झाल्या, आणि त्या दिवसातून दोनदा जमत. त्या वर्षीचं केडगावचं संजीवन ख्रिस्ती इतिहासात प्रसिद्ध आहे. पण ते घडलं जूनच्या अखेरीस. म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे असे पाच महिने दिसण्यासारखं काही झालं नव्हतं आणि त्या रोज दोनदा बसत होत्या. मध्ये कडक उन्हाळा होता. दळण, शिवण, शेती, छापखाना हे सगळं चालूच होतं.

संजीवनाच्या गोष्टी सांगताना आपण जून सांगतो. मला वाटतं मार्च सांगायला हवा. तुमच्या-माझ्या आयुष्यात मार्चच जास्त असतो.

मग या आठवड्यात करायचं काय?

आधी वेळ ठरवा, आणि लहान ठरवा. रोज तासभर ठरवलात तर तिसऱ्या दिवशी सुटेल. पंधरा मिनिटं पुरे. दानीएलाच्या पुस्तकात तो दिवसातून तीन वेळा खिडकीपाशी गुडघे टेकतो. त्याच्यावर अख्ख्या राज्याचा कारभार होता, तेव्हा "कामातून वेळच मिळत नाही" हे कारण त्याच्याकडेही होतं. रात्रपाळी करत असाल तर सकाळचा हट्ट नको. लोकलमध्ये, मेट्रोत, पार्किंगमध्ये गाडी बंद करून बसल्या बसल्याही चालतं. फोन मात्र एरोप्लेन मोडवर.

पहिला दिवस फक्त आभारांचा ठेवा. काही मागायचं नाही. कॅथलिक चर्चमध्ये 31 डिसेंबरला ते देऊम हे आभाराचं गीत गायची जुनी परंपरा आहे, म्हणजे वर्ष बंद करताना आधी हिशोबाची जमा बाजू. करून बघा, फार अवघड जातं. तिसऱ्याच वाक्याला आपण "आणि प्रभू, ते व्हिसाचं काम..." यावर येतो. व्हिसा, नोकरी, लग्न, आईचा गुडघा हे सगळं मागावंच, तो बापच आहे. पण एक दिवस थांबा.

दुसरा दिवस सगळ्यात कठीण, म्हणून तो पुढे ढकलू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. लक्ष देऊन वाचा. तुमच्या मनात त्याच्याविषयी काय आहे, हा प्रश्न तिथे नाही. त्याच्या मनात तुमच्याविषयी काय आहे, हा आहे. आपल्याकडे वाटणीवरून, आईवडिलांना कोण सांभाळणार यावरून, लग्नात झालेल्या मानापानावरून सख्खी भावंडं दहा-दहा वर्षं बोलत नाहीत, आणि नाताळच्या मिस्साला एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसतात. अशा घरात नव्या वर्षाची प्रार्थना एका फोन नंबरपाशी येऊन थांबते. फोन करा. बोलणं जमलं नाही तर निदान "नवीन वर्षाच्या शुभेच्छा, कसा आहेस?" एवढं. त्याने उचलला नाही तरी तुमचा दुसरा दिवस झाला.

(जिथे मारहाण झाली आहे, छळ झाला आहे, तिथे हा सल्ला लावू नका. तिथे लांब राहूनच प्रार्थना करावी, आणि विश्वासातल्या माणसाला सगळं सांगावं.)

पुढचे दिवस इतरांना द्या. एक दिवस मंडळीतल्या आजारी माणसांना, नावं घेऊन. एक दिवस कामाच्या जागी जे आवडत नाहीत त्यांना. एक दिवस देशाला. 1 जानेवारी हा कॅथलिक मंडळीत 1968 पासून जागतिक शांतता दिनही आहे, त्यामुळे बातम्यांत जिथलं युद्ध दिसेल त्या ठिकाणाचं नाव घ्यायला तेवढं निमित्त पुरे.

शेवटचा दिवस, शक्य झालं तर, स्वतःला देवाच्या हाती सोपवण्याचा. मेथडिस्ट परंपरेत यासाठी कराराची खास उपासना आहे. जॉन वेस्लीने ती 1755 च्या ऑगस्टमध्ये लंडनला घेतली तेव्हा सुमारे 1800 लोकांनी होकार दिला होता. पुढे ती नव्या वर्षाशी जोडली गेली आणि दक्षिणेत सीएसआयच्या उपासनेतही आली. तिचा गाभा थोडक्यात असा: मला काम दे किंवा बाजूला बसव, दोन्ही मला चालेल. पंचविशीत असताना "बाजूला बसव" हे म्हणताना जीभ अडखळते, हे मी कबूल करते.

ज्यांचं मागचं वर्ष जड गेलं

घरातली एक खुर्ची यंदा रिकामी असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. आभारांचा दिवसही सक्तीचा नाही. बायबलमध्ये विलापगीत नावाचं एक अख्खं पुस्तक आहे. देवाची दया रोज सकाळी नवी असते, हे आपल्या आवडीचं वचन त्याच पुस्तकातलं. ते उद्ध्वस्त शहरात बसून रडणाऱ्या माणसाने म्हटलं आहे, आणि त्याच्या आधीचे दोन अध्याय नुसता आक्रोश आहे. तुम्हाला अजून पहिल्याच अध्यायात राहावंसं वाटत असेल, तर राहा. शब्द सुचत नसतील तर गाणं म्हणा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची कितीतरी गीतं आपल्या उपासना संगीतात आहेत. दुःखाच्या वेळी ओवी-अभंगाची चाल स्वतःहून ओठांवर येते.

आणि महाराष्ट्राबाहेर असाल, बंगळुरूला, बडोद्याला, इंदूरला, दिल्लीला, तर चर्च इंग्रजी किंवा हिंदी असलं तरी हा एक आठवडा घरची प्रार्थना मराठीत करून पाहा. ज्या भाषेत आईने "आमच्या स्वर्गातील पित्या" शिकवलं, त्या भाषेत खोटं बोलणं जरा अवघड जातं. एकटे असाल तर रात्री नऊला गावाकडे व्हिडिओ कॉल लावा. दोघे-तिघे, मध्ये आजी. तिची प्रार्थना पंधरा मिनिटांत संपणार नाही, याची तयारी ठेवा. सगळ्या नातवंडांची नावं झाली की ती शेजाऱ्यांवर येते, मग पावसावर, मग पाळकसाहेबांच्या शुगरवर. नेटवर्क गेलं तर परत लावा; ती थांबलेली नसते.