धारपांची पुस्तकं आणि आमच्या घरातलं भय



मागच्या वेळी चौमासात भाज्या कमी असताना रोजचा स्वयंपाक कसा भागवायचा ते लिहिलं होतं. आज विषय वेगळा आहे. भुतांच्या पुस्तकांचा. नाक मुरडू नका. मीही पस्तीस वर्षं मुरडत होते.

झालं असं, की माझ्या धाकट्या जावेची मुलगी दिवाळीत नागपूरहून आली आणि येताना नारायण धारपांच्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आली. साकेत प्रकाशनाने नव्या कव्हरांत काढलीत. तिच्या पिढीला धारप 'तुंबाड' सिनेमामुळे माहीत. २०१८चा तो सिनेमा धारपांच्या एका कथेवरून सुचला, एवढं वाचून पोरं मूळ पुस्तकं शोधायला लागली. गठ्ठ्यात 'लुचाई' होती, 'ग्रहण' होतं, 'शपथ' होती, समर्थांच्या कथा होत्या. ती मला म्हणाली, "मोठ्याई, तुझ्याकडे ही सगळी होती म्हणे. कुठे गेली?"

मी जावेकडे पाहिलं. जाऊ मुगाचे दाणे निवडत होती, तिने मान वर केली नाही.

कुठे गेली ते सांगते. जावेला विचारूनच लिहितेय. ती म्हणाली, लिहा ताई, फक्त माझं नाव नको.

मी कारंज्याची. लग्नाआधी बी.कॉम. झालं, १९८३ साली लग्न होऊन राजूरला आले. आमचं राजूर म्हणजे वणीजवळचं, कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्यांचं गाव. घरी किराणा दुकान. माहेरी मंदिर, पाठशाळा, मैत्रिणी, सगळं हाकेच्या अंतरावर. इथे आले तर अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर संध्याकाळपर्यंत काळी पूड बसायची, आणि खाणीत सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी वाजायची. दुकानाचा जमाखर्च माझ्याकडे आला, म्हणून थोडा मान होता. तरी संध्याकाळी करायचं काय? आपल्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं. सहा-साडेसहाला स्वयंपाकघर बंद, आणि मग रात्र ही एवढी लांब. त्यात वीज जायची. कोळसा आमच्या गावचा आणि अंधारही आमच्याच वाट्याला, हा विनोद तेव्हाही जुना होता.

माझ्या ट्रंकेत धारपांची पाच-सहा पुस्तकं होती, मतकरींच्या कथांचं एक. कॉलेजात असताना ही पुस्तकं दिवसाच्या भाड्याने आणायची, म्हणजे एका रात्रीत वाचून सकाळी परत. ही मात्र विकत घेतलेली. जाऊ १९८८ साली आली, एकोणीस-वीस वर्षांची, बोलकी, माझ्याहून धीट. कंदिलाच्या उजेडात मी तिला वाचून दाखवायची. ती मध्येच माझा दंड धरायची आणि म्हणायची, "थांबा थांबा ताई... हं, वाचा आता." इतकं हसायचो आम्ही. राजूरमधली माझी पहिली मैत्रीण ती.

१९९० च्या पौषात ती बाळंत झाली. मुलगी झाली. पंधराएक दिवसांनी ती म्हणायला लागली, की मागे सांदवाडीत न्हाणीजवळ कुणीतरी उभं असतं. बाळाकडे बघतं. रात्रभर बाळाला छातीशी धरून बसायची, डोळ्याला डोळा नाही. आधी सगळे म्हणाले नाटकं आहेत, मुलगी झाली म्हणून मन लागत नसेल. कुणी मोठ्या जाणतेपणाने म्हणालं, "सम्यक्दृष्टी जीवाला भय नसतं, णमोकार म्हण." ती म्हणत होती बिचारी, दिवसभर म्हणत होती. मग सूर बदलला. हिला बाहेरचं झालंय. आणि कशामुळे झालं? मोठीने भुतांची पुस्तकं वाचून दाखवली.

आमच्यासारख्या घरात, जिथे पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, तिथे बाहेरगावच्या एका जाणत्याला बोलावलं. गाव सांगत नाही, माणूसही आता नाही. त्याने बंद खोलीत तिला मिरचीची धुरी दिली. ओल्या बाळंतिणीला.

आणि माझी पुस्तकं? सासूबाई म्हणाल्या घराबाहेर काढ. मी बाहेरही काढली नाहीत, सरळ दुकानात नेली. माझ्या हाताने पानं फाडली आणि त्यांत जिरं-ओव्याच्या पुड्या बांधल्या. आठ-दहा दिवसांत सगळं संपलं.

त्यानंतर मी भयकथा वाचली नाही. समाजाच्या कार्यक्रमांत कुणी विचारलं तर मी ठासून सांगायची, मुलींच्या हाती असलं काही देऊ नका, मनावर परिणाम होतो. हे मी पाठशाळेतल्या पोरींनाही सांगितलंय. म्हणून आज जाहीरपणे लिहायला हवं, की मी चुकीचं सांगत होते.

या तीन महिन्यांत मी तो गठ्ठा वाचून काढला. यातलं काही तेव्हा वाचलेलं, काही नव्यानेच. चष्मा नवा आणि वयही नवं, त्यामुळे दोष भरपूर दिसले. धारपांच्या कितीतरी पानांवर बायका एक तर सावज असतात, नाही तर भुरळ घालणाऱ्या. स्वयंपाकघरात काय शिजतंय, बाळ कुणाकडे आहे, हे लेखकाला ठाऊकच नसतं. संकट निवारायला शेवटी पुरुषच येतो. बऱ्याच गोष्टी इंग्रजीतून बेतलेल्या. 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून, 'शपथ' त्याच्याच 'इट'वरून, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आणि जिथे अघोरी विधी, बळी येतात तिथे मी पानं उलटते, तेव्हाही उलटायची. मतकरी मला यावेळी जास्त आवडले. त्यांची बरीच वर्षं बँक ऑफ इंडियात नोकरीत गेली; साध्या घरातल्या साध्या माणसाच्या मनात काय काळं साचतं ते त्यांना बरोबर कळतं. त्यांच्या कथांत भूत नसलं तरी चालतं. धारपांचं मात्र संध्याकाळचं वर्णन अजूनही असं आहे, की वाचताना मी उठून मागचं दार लावून घेतलं. वय चौसष्ट.

पण मुद्दा तो नाही. मला जे कॉलेजात कधी दिसलं नव्हतं ते असं. या प्रत्येक गोष्टीत सुरुवातीला एक माणूस म्हणतो, की या घरात काहीतरी आहे. बाकीचे हसतात. भास म्हणतात, डोकं फिरलं म्हणतात. आणि मग एक जण असा निघतो जो हसत नाही. समर्थांच्या कथा बघा. आपल्याला समर्थांची शक्ती आठवते, पण शक्तीच्या आधी ते काय करतात? समोरच्याला बसवतात आणि त्याचं पूर्ण ऐकून घेतात. पुस्तकातल्या माणसाची अर्धी सुटका तिथेच होते. आमच्या घरात दोन पक्ष होते, एक म्हणायचा नाटकं आणि दुसरा म्हणायचा भूत. तिच्याजवळ बसून, तुला काय दिसतं गं, कधीपासून, झोप किती लागते, असं विचारणारा तिसरा कुणी नव्हता. तो तिसरा मी असायला हवी होते. धारप तर मीच वाचले होते ना!

'शपथ' वाचल्यावर मी भाच्याकडून मूळ 'इट'ची गोष्ट समजून घेतली. १९८६चं हे पुस्तक, हजारावर पानांचं. मी काही ते इंग्रजीत वाचू शकणार नाही. पण त्यातला एक प्रसंग त्याने सांगितला तो डोक्यातून जात नाही. एका मुलीला न्हाणीघराच्या बेसिनमधून रक्त उसळलेलं दिसतं, भिंतीवर, सगळीकडे. वडील येतात, त्याच बेसिनशी उभे राहतात आणि त्यांना काही दिसत नाही. मग ती मित्रांना आणते. त्यांना दिसतं. आणि ती पोरं काय करतात, तर फडकी घेतात आणि तिच्याबरोबर भिंत पुसायला लागतात.

फडकं घेणं एवढंच होतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे भुतावर विश्वास ठेवायचा का? नाही. इथेच पुस्तक आणि घर यांची वाट वेगळी होते. पुस्तकात भूत खरंच असतं. तो त्या खेळाचा नियम आहे. घरात आपल्याला भूत मानायचं नाही, भीती मानायची आहे. ती खरी असते. तीन मूढता आपण लहानपणापासून पाठ केल्यात, रत्नकरंड श्रावकाचाराचा स्वाध्याय दर चौमासात होतो. भूत, पिशाच हे व्यंतर देवांच्या आठ प्रकारांतले दोन, तेही आपल्यासारखेच कर्माने बांधलेले, आयुष्य संपलं की मरणारे, हे पाठशाळेतलं पोरही सांगेल. तरी आम्ही धुरीवाला आणलाच.

आणि ते 'सम्यक्दृष्टीला भय नसतं' हे वाक्य. मी पुन्हा सात भयांची यादी काढून बसले. इहलोकभय, परलोकभय, मरणभय, वेदनाभय, अरक्षाभय, अगुप्तिभय, आकस्मिकभय. त्यात भुताचं भय असं वेगळं नाहीच. अरक्षाभय आहे, म्हणजे माझं रक्षण करणारं कुणी नाही, ही भीती. जावेला झालं होतं ते हे. सातही भयांच्या पलीकडे गेलेला जीव आमच्या घरात तरी मी पाहिलेला नाही, माझ्यासकट. मग दुसऱ्याला ते वाक्य ऐकवायचा अधिकार कुणाला?

चार महिन्यांनी तिच्या भावाने तिला नागपूरला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, रात्री किती तास झोपता? बाळंतपणानंतर होणारा आजार आहे म्हणाले, हजारात एक-दोन बायकांना इतका तीव्र होतो, औषधाने बरा होतो. पुस्तकांचं सांगितल्यावर ते हसले. औषधं वर्षभर चालली, ती बरी झाली, नंतर तिला मुलगाही झाला आणि तेव्हा डॉक्टरांनी आधीपासून लक्ष ठेवलं. म्हणजे पुस्तकांचा दोष नव्हता हे मला १९९० सालीच कळलं होतं. तरी मी पुस्तकांवरच ढकलत राहिले, कारण ते सोपं होतं. पुस्तकं पुड्यांत बांधून गिऱ्हाईकाला देता येतात.

आज धुरीचं ते काम गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे सगळं त्यात नाव घेऊन लिहिलंय. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला आणि त्यानंतर चार दिवसांत आधी अध्यादेश निघाला, हेही आपण विसरू नये. सरकारचा टेलिमानस म्हणून १४४१६ हा फुकट फोन आहे, मराठीतही बोलतात. बाळंतिणीच्या खोलीत डिंकाच्या लाडवांच्या डब्यावर हा नंबर चिकटवून ठेवा. मी आमच्या दोन्ही सुनांच्या वेळी ठेवला होता.

आणि पोरींना ही पुस्तकं वाचू द्या. अगदी लहान असताना नाही, पण कळत्या वयात जरूर. कुणी घाबरलं तर हसायचं नसतं, एवढं तरी त्यातून शिकतील. मी शिकून विसरले, त्या कदाचित विसरणार नाहीत.

गेल्या आठवड्यात दुपारी मी जावेला विचारलंच. म्हटलं, तुला त्या दिवसांतलं काय आठवतं? सांदवाडीत कोण दिसायचं? ती म्हणाली, "चेहरा आठवत नाही ताई. धुरी दिली तेव्हा तुम्ही स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, ते आठवतं."

लावलं होतं. खोकला ऐकवत नव्हता म्हणून.

मी काही बोलले नाही, तीही नाही. मग तिने गठ्ठ्यातली 'लुचाई' काढली आणि माझ्या हातात दिली. तिला मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही, ऑपरेशन मार्चमध्ये आहे. तेव्हापासून रोज दुपारी तीन ते पाच वाचतोय. पाचनंतर ती वाचू देत नाही, स्वयंपाकाला उशीर होतो. अजून शंभरेक पानं राहिलीत. अजूनही मध्येच दंड धरते.