आधी अंदाज, मग सूत्र

दहावीच्या गणित भाग १ मधले पाचवे प्रकरण, संभाव्यता, आपल्यापैकी बरेच जण ‘हक्काचे गुण’ म्हणून शिकवतात. नमुना अवकाश लिहा, घटनेतील घटक मोजा, भागाकार करा. सरावसंच संपतात आणि गुणही मिळतात. मग त्याच मुलांना पुस्तक मिटून विचारा: दोन नाणी फेकली तर एक छापा आणि एक काटा येण्याची संभाव्यता किती? दोन छापे, दोन काटे किंवा एकेक, असे तीनच प्रकार. म्हणून एक तृतीयांश, असे सांगणारी मुले हमखास निघतात.

त्यांच्यावर रागावू नये. द’अलांबेर या थोर फ्रेंच गणितीने १७५४ मध्ये विश्वकोशातल्या नोंदीत असाच युक्तिवाद केला होता. दोन फेकींत एकदा तरी छापा येण्याची संभाव्यता त्याने ३/४ ऐवजी २/३ धरली. पहिल्याच फेकीला छापा आला की खेळ संपला, म्हणून निष्पत्ती तीनच, हा त्याचा हिशेब. त्या तिन्ही समसंभाव्य नाहीत, हे त्याच्या नजरेतून निसटले. ‘समसंभाव्य’ हा शब्द पाठ करून कळत नाही, त्यासाठी नाणे हातात घ्यावे लागते. चाळीस मुलांनी दोन नाणी पंचवीस-पंचवीस वेळा फेकली की एका तासिकेत १००० नोंदी होतात. एक छापा-एक काटा अशा नोंदी ५०० च्या आसपास येतात, ३३३ च्या जवळ फिरकत नाहीत. मात्र फेकण्याआधी प्रत्येकाचा अंदाज वहीत लिहून घ्यावा. नाहीतर तक्ता पाहिल्यावर सगळेच म्हणतात, आम्हाला ठाऊकच होते.

मोठ्या संख्या दहाच्या घातांत लिहिण्याच्या सरावातही हा आधीचा अंदाजच हरवला आहे. दशांशचिन्ह किती घरे सरकले ते मुले बिनचूक मोजतात, पण तीन गुणिले दहाचा पाचवा घात अधिक दोन गुणिले दहाचा चौथा घात, याचे उत्तर पाच गुणिले दहाचा नववा घात असे लिहून मोकळी होतात. इथे लाख-कोटींची आपली भाषा कामी आणावी. तीन लाखांत वीस हजार मिळवले आणि पाचशे कोटी झाले? उदाहरण मोठ्याने वाचले की चूक मुलाला स्वतःलाच ऐकू येते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त परार्धापर्यंत, म्हणजे दहाच्या सतराव्या घातापर्यंत, प्रत्येक स्थानाला नाव दिले आहे. घातांक शिकवताना ती नावे एकदा तरी फळ्यावर यावीत.

उणे घातांकाची अडचण वेगळी. उणे म्हटले की मुलांना शून्याखालची संख्या वाटते. यावर उपाय पुन्हा नाण्यांचाच. दहा नाण्यांवर दहाही छापे येण्याची संभाव्यता १/१०२४, वीस नाण्यांवर १/१०४८५७६. ही दुसरी संख्या दशांशात सुमारे ९.५ गुणिले दहाचा उणे सातवा घात. संभाव्यता कधीच ऋण नसते, हे मुलाला माहीत असते. म्हणून उणे घात ‘फार लहान’ सांगतो, ‘ऋण’ नव्हे, हे त्याला तिथेच उमगते. हे दोन घटक वेगवेगळ्या इयत्तांत असले तरी सरावात एकत्र आणायला कोणाची परवानगी लागत नाही.

यंदा संभाव्यतेची पहिली तासिका नाण्यांना द्या. मुलांचे आधीचे अंदाज आणि वर्गाचा तक्ता, दोन्ही आमच्याकडे पाठवा. पुढील अंकात त्यांच्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.