टोचलेली पानं

आम्हा बोर्ली पंचतनच्या घरांतून पुस्तकाचा अदब लहानपणीच शिकवला जातो. पुस्तकाला पाय लागला तर ते उचलून डोळ्यांना लावायचं. कुरआन शरीफची जीर्ण प्रत रद्दीत जात नाही. स्वच्छ कापडात गुंडाळून, कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी दफन होते. या वळणात वाढलेल्या आम्हाला कवितेच्या पानातून आरपार गेलेली सळई पाहून धस्स होणारच.

मुंबईच्या कलावंत शिल्पा गुप्ता यांच्या २०१७-१८ च्या कलाकृतीत अशा १०० सळया आहेत. प्रत्येकीवर एका कवीचं पान टोचलेलं, वर १०० मायक्रोफोन टांगलेले, आणि त्यांतूनच कवितांचे आवाज येतात. हे सारे कवी आपल्या लेखणीपायी किंवा विचारांपायी कैद झालेले. त्यांत नसीमीही आहे. या सूफी कवीला पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला अलेप्पोत धर्मद्रोहाच्या आरोपावरून ठार मारलं. मारणारेही कलमा पढणारेच होते.

त्यांच्याच २०११ च्या कलाकृतीत स्टेनलेस स्टीलवर कोरलेली १०० पुस्तकं आहेत. ती टोपणनावाने किंवा निनावी लिहिलेल्या लेखकांची. नाव का लपवावं लागतं, हे प्रेमचंदांवरून कळतं. १९०८ चा त्यांचा उर्दू कथासंग्रह ‘सोज़े वतन’ इंग्रज सरकारने राजद्रोही ठरवला आणि प्रती जाळल्या. तोवर ते ‘नवाब राय’ नावाने लिहीत. ‘प्रेमचंद’ हे नाव त्यानंतरचं.

सरकारची बंदी जगाला दिसते. घरातली बंदी कुणाच्या नजरेस येत नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या हातातली कादंबरी काढून कपाटावर टाकली जाते, कारण सांगितलं जात नाही. मग तीच कादंबरी ती मोबाइलवर गुपचूप वाचते. त्यातलं काही खटकलं, काही समजलं नाही, तर विचारणार कुणाला? विचारलं तर चोरी उघडी पडते.

लहान मुलांच्या हाती काय द्यावं, हे आईबापांनीच ठरवायचं. जाणत्या मुलांचं तसं नाही. ते पुस्तक आधी आपण वाचावं, मग दस्तरखानावर त्याचा विषय काढावा. जे पटलं नाही, ते का पटलं नाही हे सांगावं आणि त्यांचंही ऐकून घ्यावं. आपल्या दीनची पहिली वहीच वाचनाच्या हुकुमाने उतरली. तेव्हा या महिन्यात कपाटावरचं एखादं पुस्तक खाली काढू या.