लिंबावरची नागअळी आणि आपली घाई

उन्हाळा सरत आला की कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींच्या घरी चहाबरोबर एक तक्रार हमखास ऐकू येते : “लिंबाला कसला रोग लागला हो?” मग परसात नेऊन पान दाखवतात. कोवळे पान आक्रसलेले, नि त्यावर गोगलगाय चालून गेल्यासारखी रुपेरी, नागमोडी रेघ. यंदा एका घरी आम्ही पोहोचण्याआधीच बारा वर्षांचे, लोणच्यापुरती लिंबे देणारे झाड मुळासकट काढलेले होते. ‘जीवघेणा रोग आहे’ असे कोणा दुकानदाराने पान न पाहताच सांगितले होते म्हणे! ते झाड किडीने गेले नाही, घाईने गेले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ही रेघ नागअळीची. नागपूरकडच्या संत्रा बागायतदाराला हे नाव सांगावे लागत नाही. शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला. १८५६ साली स्टेन्टन या इंग्रज अभ्यासकाने कलकत्त्याच्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले. म्हणजे कीड आपल्याच मुलखातली! १९९३ साली ती फ्लॉरिडात दिसली, २००० साली कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल काउंटीत. तिला व्हिसाची अडचण आली नाही.

तिचा पतंग जेमतेम २ ते ४ मिलिमीटर लांब, चंदेरी, पंखांच्या टोकाशी एकेक काळा ठिपका. तो संध्याकाळनंतर उडतो, म्हणून सहसा आपल्या नजरेस पडत नाही. मादी नवतीच्या पानाखाली एकेक अंडे घालते. अळी निघताच पानाच्या सालीखाली शिरते आणि आतला रस खात पोखरत जाते. मागे विष्ठेची बारीक काळी रेघ राहते. ओळखीची खूण हीच. शेवटी पानाची कड दुमडून ती आत कोष करते. हवामानाप्रमाणे सारा फेरा दोन ते सात आठवड्यांचा. जून, जाड पानाला ती सहसा शिवत नाही.

चार वर्षांवरचे झाड हा त्रास सहज सोसते. अळी सालीच्या आत, त्यामुळे वरवरचा फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मरतात त्या तिला खाणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या. चुरगळलेली पानेही तोडू नयेत, त्यांचा हिरवा भाग झाडाला पोसतोच. भर उन्हाळ्यात नत्र खत घालून नवती वाढवणे मात्र थांबवावे, आणि पानसोट काढावेत. रोपे लहान असतील तर जपावे लागते. फ्लॉरिडाच्या वाचकांची गोष्ट वेगळी : तिथे या जखमांतून खैऱ्या शिरतो.

खरा जीवघेणा रोग निराळा. त्यात नागमोडी रेघ नसते. पानाच्या दोन्ही अर्धांवर न जुळणारे पिवळे डाग पडतात. कॅलिफोर्नियात तो २०१२ साली प्रथम सापडला. तो पसरवणारा किडा आपल्या लाडक्या कढीपत्त्यावरही राहतो. तेव्हा एका गावाहून दुसऱ्या गावी रोपे नि डहाळ्या नेण्याची आपली हौस आवरलेली बरी. असे डाग दिसले तर काउंटीच्या कृषी कचेरीला फोन करावा.

रेघ दिसली तर एवढेच करावे : पान उन्हाकडे धरावे. पोखरलेल्या वाटेच्या टोकाशी पिवळट-हिरवी अळी दिसते. मुलांनाही दाखवावी, त्यांना फार गंमत वाटते.