कच्चे मडके आणि महाद्वार

आषाढ शुद्ध एकादशी जवळ आली की अवघ्या महाराष्ट्राचे चित्त भीमातीरी धाव घेऊ लागते. आळंदीहून ज्ञानोबांची, देहूहून तुकोबांची आणि गावोगावाहून अन्य संतांच्या पालख्या पंढरीची वाट चालू लागतात. या मंगल पर्वाच्या निमित्ताने एका साध्या, परंतु नाजूक प्रश्नाकडे भाविकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. वारीत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या नवख्या माणसाचे स्वागत आपण कसे करतो, हा तो प्रश्न होय.

अलीकडे शहरांतील नोकरदार, विद्यार्थी, लेकीसुना मोठ्या संख्येने वारीत येऊ लागल्या आहेत. कोणी पुण्यापासून दिवेघाट चढून सासवडपर्यंत एकच दिवस चालतो, कोणी केवळ रिंगण पाहावयास येतो. हरिपाठ त्यांना मुखोद्गत नसतो, टाळ कोणत्या ठेक्यावर वाजवावा हे ठाऊक नसते. मग ‘गळ्यात माळ नाही, कसला हा वारकरी?’ असा शेरा कुठून तरी येतोच. हौशे, नवशे आणि गवशे अशी विभागणी करून मंडळी मोकळी होतात. पण हौसेने आलेला उद्या निष्ठेने येईल, या शक्यतेचे दारच आपण लावून घेतो, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

जुन्या वारकऱ्यांची तक्रार सर्वस्वी निराधार आहे, असे आम्ही म्हणणार नाही. दिंडी म्हणजे गर्दी नव्हे. पुढे पताका, मग टाळकरी, त्यांच्यामध्ये मृदंग, वीणेकरी आणि मागे तुळशीवृंदावन घेतलेल्या मायबहिणी, अशी तिची रचना पिढ्यान्‌पिढ्यांनी जपली आहे. कोणी छायाचित्रासाठी त्या ओळींत मध्येच घुसला, तर भजनाचा भंग होतो आणि मन दुखावते. ही शिस्त राखलीच पाहिजे. परंतु शिस्त शिकविणे वेगळे आणि माणसाला हिणविणे वेगळे.

येथे एक भेद ओळखणे अवश्य आहे. माळ घालणे हे व्रत आहे. अभक्ष्यभक्षण व मद्यपान यांचा त्याग, एकादशीचा उपवास आणि नेमाची वारी ही त्याची बंधने होत. ज्याची तयारी नसेल त्याने ते घेऊ नये आणि घाईने कोणी देऊही नये. पण वाटचाल, भजन, कीर्तन आणि काला ही सर्वांची आहेत. व्रताची कसोटी वाटेवर लावणे म्हणजे शाळेच्या दारातच मुलाची अखेरची परीक्षा घेण्यासारखे आहे.

संतचरित्रांतील एक कथा घराघरांत सांगितली जाते. गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेका संताचे मस्तक ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला. नामदेव दुखावले. पण पुढे काय झाले? ते मडके कोणी उकिरड्यावर फेकले नाही. विसोबा खेचरांच्या चरणांशी ते भाजून निघाले. त्याच नामदेवांनी भागवत धर्माची पताका थेट पंजाबात नेली आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आदराने समाविष्ट झाली. परंपरा सांगते की, भक्तांच्या पायांची धूळ मस्तकी पडावी म्हणून त्यांनी महाद्वाराची पायरी होणे पत्करले. जो स्वतः कच्चा ठरला, तोच पुढे येणाऱ्या प्रत्येकाची पायरी झाला!

त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. जन्मभर त्यांना दाराबाहेर उभे राहावे लागले. मंगळवेढ्यास कोसळलेल्या गावकुसाखाली त्यांचा अंत झाला, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी महाद्वारी आणल्या, अशी श्रद्धा आहे. ते बंद दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरी तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावावे लागले. दार उघडले तर परंपरा बुडेल, असे तेव्हा छातीठोकपणे सांगणारे कमी नव्हते. दार उघडले, परंपरा बुडाली नाही, उलट अधिक उजळली. पुढे १९७३ च्या कायद्याने वंशपरंपरागत हक्कांना विराम दिला आणि दीर्घ वादानंतर २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयात त्यावर शिक्कामोर्तब झाले. विठ्ठल मात्र कटेवर कर ठेवून तसाच उभा आहे.

जन्माच्या आधारे अडविणे आणि नवखेपणाच्या आधारे नाक मुरडणे यांत अंतर मोठे आहे, हे आम्ही जाणतो. पण देवाची वाट आपल्या मालकीची आहे, ही भावना दोहोंच्या मुळाशी एकच असते.

उपाय संप्रदायातच आहे. समाजआरतीपूर्वी चोपदार दंड उंचावतात आणि अफाट समुदाय क्षणात शांत होतो. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते आणि तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. ज्या परंपरेत गाऱ्हाण्यालाही जागा आहे, तेथे नवख्याच्या शंकेला जागा का नसावी? प्रत्येक दिंडीने एखाद्या जाणत्या वारकऱ्याकडे नवागतांचा सांभाळ सोपवावा. त्याने त्यांना जागा दाखवावी, हाती टाळ द्यावा, चुकल्यास गोड शब्दांत सांगावे. नवागतांनीही पाहुण्याचा नव्हे, शिकाऊचा विनय धरावा. आधी पाहावे, विचारावे, मग पाऊल टाकावे.

वारीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात आणि परस्परांना ‘माउली’ म्हणतात. माउली म्हणून हाक मारायची आणि लेकराला पंगतीतून उठवायचे, हे आईपणाला शोभणारे नाही. या एकादशीस आपल्या शेजारी एखादा अनोळखी चेहरा अडखळत पाऊल टाकीत असेल, तर थोडे सरकून त्याला ओळीत घ्यावे. पांडुरंगाच्या दरबारी ती सेवा खचितच रुजू होईल.