संशय बंदुकीवर घ्या, माणसावर नको

पनवेलमध्ये नेमबाजी कुठे शिकता येईल, असे तरुण मुले-मुली मला कधीमधी विचारतात. त्यांचे पालक मात्र वेगळाच प्रश्न विचारतात. ‘आपल्या पोरांनी हातात बंदूक घ्यावी का? लोक काय म्हणतील?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ऑलिंपिकपटू सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आपल्याच शहरात, कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमीत आहे. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये शिरूर यांनी १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली होती. टोकियो आणि पॅरिस अशा दोन पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अवनी लेखरा यांच्या त्या प्रशिक्षक आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबचे आहे, आणि ते रेंजच्या नियमांतच सापडते असे माझे मत आहे.

माझी भाची एअर रायफलचा सराव करते. तिला सोडायला-आणायला जाताना मी हे नियम ऐकत आणि पाहत आलो आहे. पहिला नियम असा, की प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजायचे. ‘रिकामी आहे, मी आत्ताच पाहिली’ हे उत्तर चालत नाही. नळीचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने ठेवायचे, मागे वळून कोणाशी बोलतानासुद्धा. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. ‘लोड’ची आज्ञा मिळाल्याशिवाय पेलेट भरायचा नाही आणि ‘स्टॉप’ ऐकू आले की त्या क्षणी थांबायचे, मग नेम कितीही अचूक लागलेला असो. सराव नसेल तेव्हा नळीतून आरपार जाणारी भडक रंगाची दोरी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, घालून ठेवायची, म्हणजे बंदूक रिकामी असल्याचे लांबूनही दिसते. कोणी फायरिंग लाइनच्या पुढे गेले असेल, तर ते परत येईपर्यंत बंदुकीला हातही लावायचा नाही.

यातला प्रत्येक नियम बंदुकीवर संशय घेतो, माणसावर नाही. ऑलिंपिक खेळून आलेला असो की पहिल्याच दिवशी आलेला नववीतला मुलगा, बंदूक रिकामी असल्याचे दोघांनाही दाखवावे लागते. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ म्हणून तिथे कोणी रुसत नाही. तुमचे आडनाव काय, राहता कुठे, दाढी आहे की हिजाब, याच्याशी त्या तपासणीला काही देणेघेणे नसते. नाव सांगताच समोरच्याची नजर बदलते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना घर भाड्याने घेताना किंवा नोकरीच्या मुलाखतीत आलेला आहे. म्हणूनच सगळ्यांना सारखाच लागू होणारा नियम काय चीज असते, हे आपल्या मुलांनी प्रत्यक्ष पाहावे असे मला वाटते.

हा शिष्टाचार आपल्याला परका आहे असेही नाही. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाताना त्यांची टोके हातात धरावीत, म्हणजे कोणाला इजा होणार नाही, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आपल्या भावाकडे शस्त्र रोखू नये, हेही तिथे सांगितले आहे. नळीचे तोंड माणसाकडे न वळवण्याचा रेंजवरचा नियम याहून वेगळा काय आहे?

छोट्या वाटणाऱ्या गोष्टीही पाळायला हव्यात. दुसऱ्याच्या रायफलला विचारल्याशिवाय हात लावू नये. शेजारी नेम धरत असताना बोलू नये, फ्लॅश मारून फोटो काढू नये, मोबाइल बंद ठेवावा. पेलेट शिशाचे असतात, म्हणून साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये. हवेच्या सिलिंडरची मुदत तपासावी. काही धोकादायक दिसले तर रेंज ऑफिसरला तिथल्या तिथे सांगावे, चुकणारा माणूस वयाने मोठा असला तरी. आपल्याकडे मोठ्यांना टोकणे उद्धटपणाचे समजले जाते, पण रेंजवर गप्प राहणे हाच उद्धटपणा.

आता कायद्याचे. ४.५ मिमी आणि २० जूल या मर्यादेतल्या एअर रायफलला २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. पण म्हणून ती गच्चीवर नेऊन कबुतरांवर चालवायची नसते. रेंजवर नेताना ती रिकामी करून, पेटीत बंद करून न्यावी; खरेदीची पावती आणि क्लबचे ओळखपत्र जवळ असावे. लग्नात, वरातीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आणि रील? पिस्तूल कमरेला खोचून गाण्यावर चालणारी मुले सगळ्याच समाजांत आहेत. आपल्या मुलाच्या अशा रीलचा अर्थ लवकर वाईट लावला जातो, ही तक्रार खरी आहे आणि ती आपण मांडलीच पाहिजे. कायद्याची फूटपट्टी सर्वांना एकच हवी. पण ती मागणी ताठ मानेने करायची, तर बंदूक हा मिरवायचा दागिना नाही हे आपल्या मुलांना आपणच सांगायला हवे. खेळाडू स्कोअर दाखवतो. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यातला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. तो टिपायला श्वास आवरावा लागतो, तिथे फुशारकीला जागा नसते.

राहता राहिले ‘लोक काय म्हणतील’. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचे मैराज अहमद खान २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्कीटसाठी पात्र ठरणारे पहिले भारतीय ठरले. २०२२ मध्ये, चाळिशी कधीच ओलांडलेली असताना, त्यांनी चांगवॉनच्या विश्वचषकात सुवर्ण जिंकले. लोकांनी टाळ्याच वाजवल्या. घाबरून घरी बसल्याने संशय कमी होत नाही. ज्यांना तो घ्यायचाच आहे, त्यांचे काम उलट सोपे होते.

क्लब चालवणाऱ्यांकडेही माझे मागणे आहे. खेळ महागडा आहे. वस्तीतल्या, पालिकेच्या शाळांतल्या मुलांना महिन्यातून एखादा दिवस तरी रेंज दाखवा. सुरक्षेचे नियम मराठीत, मोठ्या अक्षरांत दाराशीच लावा.

पालकांनो, मुलाला किंवा मुलीला पाठवायचे ठरवलेत, तर पहिल्या दिवशी तुम्हीही सोबत जा. रेंज ऑफिसरची सूचना मुलांच्या बरोबरीने ऐका, न समजलेले विचारून घ्या. मग मोहल्ल्यात कोणी ‘बंदूक कशाला?’ म्हणून विचारले, तर ती कशी धरायची आणि कधी अजिबात धरायची नाही, हे तुम्हालाच सांगता येईल.