रानमूग उपटण्यापूर्वी

चरकाचार्यांनी जीवनीय महाकषायात जी दहा द्रव्ये सांगितली आहेत, त्यांत मुद्गपर्णी व माषपर्णी यांचा समावेश आहे. शमीधान्यांत श्रेष्ठत्वाचा मानही त्यांनी मुगास दिला आहे. ज्वरात लंघनानंतर मुद्गयूषाची योजना आपण वैद्य नित्य करतो. परंतु हा पथ्यकर मूग शेतात स्वतःच रोगाने पीडित असतो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

आम्ही हट्टा येथे चिकित्सा करतो. येथील शेतकऱ्यास मुगावरील पिवळा मोझॅक अपरिचित नाही. पांढऱ्या माशीमार्फत पसरणाऱ्या या विषाणूने पाने पिवळी पडतात व शेंगा खुरटतात. विषाणूवर औषध नाही. फवारणी होते ती माशीवर. म्हणून ज्याच्या ठिकाणी उपजतच व्याधिक्षमत्व आहे असे वाण, हाच खरा उपाय होय.

हे व्याधिक्षमत्व बहुधा रानातील सोयऱ्यांकडे सापडते. मुगाचा रानटी पूर्वज 'सब्लोबाटा' याच्या ठिकाणी या रोगाचा प्रतिकार असल्याचे भारतीय संशोधकांनी १९७७ मध्ये नोंदविले. त्याच्याच मादागास्करमधील एका नमुन्यात साठवणीतील भुंगेऱ्याचा प्रतिकार आढळला. संकरात बारीक दाणा, शेंग तडकणे हे रानटी दोषही उतरतात. ते घालविण्यासाठी लागवडीच्या वाणाशी पुनःपुन्हा संकर करावा लागतो. काम चिकाटीचे आहे. पण मूळ बीजच नष्ट झाले तर चिकाटी काय कामाची?

येथे आपला संबंध येतो. शास्त्रोक्त मुद्गपर्णी म्हणजे 'विग्ना ट्रायलोबाटा'. ती मुगाच्या गोत्रातील खरी, परंतु त्याचा पूर्वज नव्हे. माषपर्णीस रानउडीद म्हणत असले, तरी वनस्पतिशास्त्रानुसार ती सोयाबीनच्या अधिक जवळची आहे. वनौषधी गोळा करणारे मात्र मुगासारखे जे दिसेल ते 'रानमूग' म्हणून मुळासकट उपटतात. पंचांग हवे म्हणून आपणच तशी मागणी करतो. बी गळण्यापूर्वीच वेल पोत्यात जातो. उरलेले बांधावरच्या तणनाशकाने संपते.

आमच्या मते व्यवसायबंधूंनी तीन गोष्टी कराव्यात. शेंगा पक्व होऊन बी गळल्याखेरीज संग्रह करू नये व तशा द्रव्याची खरेदीही करू नये. आपल्या परिसरातील नमुने वनस्पतिशास्त्रज्ञांकडून ओळखून घ्यावेत. राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोचे प्रादेशिक केंद्र अकोल्यास आहे, तेथे बीज जतनाविषयी विचारणा करावी. तसेच २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी ज्या लोकजैवविविधता नोंदवह्या अपेक्षित आहेत, त्यांत या वेलींची नोंद करवून घ्यावी.

जीवनीय म्हणून ज्यांस गौरविले, त्या वनस्पतींचे जीवन आपल्याच हातून संपू नये. बांधावरचा एक वेल राखला, तर औषधही टिकेल आणि उद्याच्या रुग्णाचा मुद्गयूषही.